एक्सपी, विंडोज सेव्हन आणि विंडोज ११ : घरातले फोल्डर-शेअरिंग वारंवार का तुटते आणि दोष कसा शोधावा

सदाशिव पेठेत माझ्या मामाचे घरगुती डीटीपीचे काम चालते आणि त्यासाठी घरात तीन संगणक आहेत. बाहेरच्या खोलीतला विंडोज एक्सपीचा डेस्कटॉप केवळ पेजमेकर या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरसाठी आणि मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेल्या मराठी फाँटच्या डोंगलसाठी (ज्याच्याशिवाय फाँट चालत नाही अशा किल्लीसाठी) जिवंत ठेवलेला आहे, कारण मामाने वीस वर्षांत बांधलेली पुस्तके, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची पाने त्याच फाँटमध्ये आहेत आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर ती उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. आतल्या खोलीत बिलांसाठी विंडोज सेव्हनचा संगणक आहे, आणि तिसरा मामेबहिणीचा विंडोज ११ चा लॅपटॉप, ज्यावरून तयार पाने प्रेसला मेलने जातात. म्हणजे एक्सपीवर तयार झालेली फाइल लॅपटॉपपर्यंत पोहोचणे ही या घरातली रोजची गरज आहे, आणि नेमकी तीच वाट दर काही आठवड्यांनी बंद पडते.

मामाची तक्रार प्रत्येक वेळी एकाच वाक्यात येते : “अरे, काल चालत होतं, आज दिसत नाही.” मी जायचो, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारायचो, फोल्डर उघडायचा, चहा व्हायचा आणि पुन्हा महिन्याभरात फोन यायचा. अखेरीस मी एक वही केली आणि तीत तारीख, पडद्यावर आलेला संदेश शब्दशः आणि आपण काय बदलले एवढेच लिहू लागलो. सात नोंदी झाल्यावर लक्षात आले की ही एक समस्या नव्हतीच. एकाच तक्रारीच्या पोटात चार-पाच निरनिराळे दोष होते आणि एकाचा उपाय मी दुसऱ्यावर लावत होतो. त्यामुळे पुढचे सगळे लेखन कुठला स्तर तुटला आहे हे आधी ओळखणे आणि मगच हात लावणे, या क्रमाने केले आहे.

पहिली चाचणी : ‘नेटवर्क’च्या खिडकीवर विसंबू नका

बहुतेक लोक ‘नेटवर्क’ नावाची खिडकी उघडतात, तिथे दुसऱ्या संगणकाचे चिन्ह दिसले नाही की शेअरिंग बंद आहे असे मानतात, आणि तिथेच वाट चुकते. चिन्हांची ती यादी तयार होणे आणि प्रत्यक्ष फोल्डर उघडणे या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. एक्सपीच्या काळात ही यादी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सेवा नेटबायोस या संगणकांची नावे ओळखण्याच्या जुन्या पद्धतीच्या आधाराने तयार करत असे; नव्या विंडोजमध्ये ते काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा आणि तिची जोडीदारीण करतात. दोन्ही पद्धतींचा एकमेकींशी संबंध नसल्यामुळे विंडोज ११ च्या यादीत एक्सपी दिसत नाही, मग शेअरिंग उत्तम चालू असो वा नसो. विंडोज सेव्हनचा संगणक यादीत दिसत नसेल तर त्याच्यावरची ही सेवा चालू आहे का ते ‘सर्व्हिसेस’मध्ये पाहावे, पण ते सगळ्यात शेवटी.

खरी चाचणी पत्त्याने करायची. ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग हा आदेश देऊन त्याचा पत्ता पाहावा, तो १९२.१६८.१.२० अशा चार आकड्यांचा असतो. मग दुसऱ्या संगणकावर कुठलाही फोल्डर उघडून वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि त्यांना जोडून तो पत्ता लिहून एंटर दाबावे. यानंतर जे उत्तर येते ते शब्दशः वाचणे हा निदानाचा निम्मा भाग आहे.

वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट आली तर ती चांगली बातमी समजावी, कारण दोन संगणक एकमेकांपर्यंत पोहोचले आहेत आणि आता प्रश्न फक्त ओळखीचा उरला आहे. ‘ॲक्सेस डिनाइड’ आले तर ओळखही पटली आहे, अडले आहे ते फोल्डरच्या परवानगीपाशी. तिथे ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ अशा दोन पानांवर दोन वेगळ्या परवानग्या असतात आणि दोन्हींतली जी अधिक कडक ती चालते, एवढे ध्यानात ठेवले की पुरते. नेटवर्कचा मार्ग सापडला नाही असे सांगणारा आणि ८००७००३५ या आकड्यांनी संपणारा संदेश मात्र सर्वांत फसवा आहे, कारण पत्ता बदलणे, राउटर वेगळा असणे, फायरवॉल आड येणे आणि समोरचा संगणक झोपलेला असणे या चारही प्रसंगी तो जवळजवळ सारखाच दिसतो. एसएमबी १ (विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या नियमावलीची पहिली आवृत्ती) कालबाह्य आहे किंवा सुरक्षा धोरणामुळे पाहुण्याला प्रवेश नाही, असे स्पष्ट वाक्य आले तर विंडोज खरे सांगत असते, आणि त्या दोन्हींकडे पुढे सविस्तर येतो.

शुक्रवारचा दोष

वहीतल्या सातपैकी चार नोंदी शुक्रवारच्या होत्या. हे कळायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी, आणि मामाचा राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. अनेक साध्या राउटरमध्ये कुणाला कोणता पत्ता दिला याची यादी केवळ चालू स्मृतीत असते; वीज गेली की ती पुसली जाते. वीज परत आल्यावर टीव्ही, मोबाइल वगैरे मंडळी आधी हजर होतात, पत्ते त्यांना मिळतात, आणि मामा दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू करतो तेव्हा जुना पत्ता दुसऱ्याच कुणाला गेलेला असू शकतो. एक्सपीच्या डेस्कटॉपवर मी स्वतःच मोठ्या कौतुकाने करून दिलेला शॉर्टकट जुन्या पत्त्यावर जात राहतो आणि तिथे आता बैठकीच्या खोलीतला टीव्ही असतो.

याचा उपाय राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या, विभागात असतो. तिथे ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या नावाखाली एखाद्या यंत्राचा मॅक क्रमांक, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख-क्रमांक, आणि त्याला कायम द्यायचा पत्ता यांची जोडी नोंदवता येते. फोल्डर ज्या संगणकावर आहे तेवढ्याचीच नोंद केली तरी पुरते. संगणकात जाऊन हाताने पत्ता घालणाऱ्यांनी तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याबाहेरचा निवडावा. नाहीतर तोच पत्ता एखाद्या पाहुण्याच्या मोबाइललाही मिळतो आणि मग जो घोळ होतो तो शोधणे आणखी कठीण असते.

पत्त्याऐवजी संगणकाचे नाव वापरावे का, असा प्रश्न येतो. एकाच राउटरवर नाव बहुधा चालते. मात्र विंडोज जपून ठेवलेले पासवर्ड नावाखाली वेगळे आणि पत्त्याखाली वेगळे धरते, त्यामुळे आज नावाने आणि उद्या पत्त्याने उघडले तर पासवर्ड पुन्हा मागितला जातो आणि घरच्यांना वाटते की काहीतरी बिघडले. दोन्हींपैकी एक पद्धत ठरवावी आणि सगळीकडे तीच ठेवावी.

दोन राउटर, दोन घरे

जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या इमारतीतही मधली भिंत अशी जाड आहे की आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही. म्हणून मामाने दुसरा राउटर आणला आणि इंटरनेटवाल्याच्या पेटीतून आलेली तार त्याच्या निळ्या, म्हणजे वॅन (इंटरनेटची तार घेणाऱ्या) पोर्टात खोचली. इंटरनेट उत्तम चालू लागले आणि शेअरिंग त्याच दिवशी बंद पडले. आयपीकॉन्फिग पाहिल्यावर कारण समोरच होते : बाहेरचा संगणक १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर आणि आतला १९२.१६८.० ने सुरू होणाऱ्या. घर एकच, पण संगणकांच्या लेखी दोन बिऱ्हाडे झाली होती. वॅन पोर्टातून जोडलेला राउटर आपल्या मागच्या यंत्रांना बाहेरच्यांपासून झाकून ठेवतो, आणि शिवाय विंडोजची फायरवॉल फाइल-शेअरिंगला साधारणपणे आपल्याच बिऱ्हाडातून आलेल्या मागणीपुरती परवानगी देते, त्यामुळे इथे दुहेरी कुलूप लागते.

दुसऱ्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्या पट्ट्यातला पण वेगळा ठेवावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि तार वॅनमधून काढून लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टात घालावी. ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर जोडलेला लॅपटॉपही याच कारणाने वेगळा पडतो; तिथे यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेले असते.

राउटर बदलला की आणखी एक गोष्ट गुपचूप घडते. विंडोज एखादे नेटवर्क ओळखते ते राउटरच्या मॅक क्रमांकावरून, त्यामुळे वायफायचे नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तरी नवा राउटर हे त्याच्या दृष्टीने अनोळखी घर असते, आणि अनोळखी घरात विंडोज ११ स्वतःला ‘पब्लिक’ ठरवून दारे लावून घेते. सेटिंग्जमध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडावे लागते. विंडोज सेव्हनमध्ये याच जागी ‘होम’, ‘वर्क’ आणि ‘पब्लिक’ असे तीन पर्याय दिसतात. एक्सपीला ही भानगडच ठाऊक नाही, आणि त्याचा एक फायदा पुढे घेता येतो.

भाषेचा प्रश्न

आतापर्यंतचे दोष रस्त्याचे होते. आता भाषेकडे येऊ, कारण जुन्या आणि नव्या संगणकांमधली खरी तेढ तिथेच आहे. विंडोजमधले फाइल-शेअरिंग एसएमबी नावाच्या नियमावलीने चालते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये जन्मलेल्या या नियमावलीची पहिली आवृत्ती, एसएमबी १, एवढी एकच एक्सपीला येते. व्हिस्टाबरोबर २.० आली, विंडोज सेव्हनबरोबर २.१, विंडोज ८ बरोबर ३.०, आणि विंडोज १० व ११ आज ३.१.१ बोलतात. दोन संगणक भेटले की दोघांनाही येणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडतात. नव्याला जुनी आवृत्ती यायला हरकत नव्हती, आणि बरीच वर्षे ती येतही होती.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ मधल्या एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती काढली, आणि ती न बसवलेल्या संगणकांवर त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा जगभर पसरला. एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तरी त्या प्रसंगी एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती दिली गेली. एसएमबी १ टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे मायक्रोसॉफ्टचे धोरण आधीच ठरलेले होते, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते अमलात आले.

हे अमलात आणण्याची रीत मोठी चमत्कारिक होती आणि मामाच्या घरातली सर्वांत गोंधळाची नोंद तिच्यामुळेच वहीत आली. मामेबहिणीचा आधीचा लॅपटॉप विंडोज १० होमचा होता आणि तो नुकताच कोरा करून आणला होता. त्यावरून एक्सपीतला फोल्डर उघडत असे, पण एक्सपीवरून लॅपटॉपमधला फोल्डर काही केल्या उघडत नसे. मी दोन संध्याकाळी परवानग्या तपासत बसलो. कारण साधे होते : कोऱ्या बसवलेल्या त्या आवृत्तीत एसएमबी १ चा मागणारा भाग ठेवलेला होता आणि देणारा भाग काढलेला होता. त्यामुळे वाट एकेरी झाली होती. पुढे दिवाळी अंक छापून झाले, एक्सपीला तीन-चार आठवडे काम उरले नाही, आणि पुन्हा उघडायला गेलो तर एकेरी वाटही बंद. मागणारा भाग पंधरा दिवस वापरला गेला नाही तर, संगणक बंद असलेला काळ वगळून, तो स्वतःहून निघून जातो अशी त्यात योजना होती. हे आपोआप निघणे एकदाच होते; हाताने परत बसवल्यावर विंडोज पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. आताच्या विंडोज ११ मध्ये कोरे बसवताना हे दोन्ही भाग मुळातच नसतात.

ते परत बसवता येतात. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्सच्या यादीत एसएमबी १.० च्या नावाखाली तीन चौकोन आहेत : मागणारा ‘क्लायंट’, देणारा ‘सर्व्हर’ आणि आपोआप काढणारा. ज्याला एका रात्रीत एक्सपीवरचे जुने काम लॅपटॉपवर उतरवायचे आहे त्याने फक्त ‘क्लायंट’वर खूण करावी, संगणक पुन्हा सुरू करावा, काम आटोपावे आणि खूण काढून टाकावी. वॉनाक्राय शिरला तो देणाऱ्या भागातून, म्हणून ‘सर्व्हर’वर खूण करण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही. आणि जो लॅपटॉप कॉलेजच्या, कॅफेच्या, स्टेशनवरच्या वायफायवर जोडला जातो त्यात ‘क्लायंट’सुद्धा कायमचा ठेवू नये. नव्या यंत्राला जुन्याच्या पातळीवर उतरवणे हा या प्रश्नावरचा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. मी तो तीन वर्षे वापरला, म्हणून अधिकाराने सांगतो.

पाहुणा, पिन आणि बेचाळीस दिवस

विंडोज सेव्हनच्या संगणकावर मी कधीकाळी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून ठेवले होते. घरात कुणी परका नाही, मग पासवर्ड कशाला, असा विचार. त्यामुळे येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’ म्हणून, म्हणजे पाहुणा म्हणून आत जात असे. नवा लॅपटॉप विंडोज ११ प्रोचा आहे. तो २४एच२ या आवृत्तीवर गेला त्या रात्रीपासून, मधे कुणीही काही बदललेले नसताना, तोच फोल्डर उघडेनासा झाला.

या आवृत्तीत दोन नियम एकदम लागू झाले. प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून प्रवेश घेणे बंद झाले, आणि प्रत्येक देवाणघेवाणीवर सही, म्हणजे ‘एसएमबी सायनिंग’, सक्तीची झाली. दोन्ही नियम खरे तर एकाच दारावरची दोन कुलपे आहेत. सही करायला किल्ली लागते आणि ती किल्ली पासवर्डाच्या आधाराने झालेल्या ओळखीतून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नसतो, म्हणून त्याला सहीही करता येत नाही. पॉलिसीच्या पडद्यावर जाऊन हे दोन्ही नियम सैल करण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. मीही पहिल्या दिवशी तेच केले आणि फोल्डर उघडला. पण त्याची गरज नव्हती, कारण विंडोज सेव्हनला सही करता येते. त्याला फक्त खरा वापरकर्ता आणि खरा पासवर्ड हवा असतो. दोन्ही नियम मी पूर्ववत केले आणि विंडोज सेव्हनवर एक स्वतंत्र खाते उघडले.

या खात्याच्या बाबतीत तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, रिकामा पासवर्ड चालत नाही. विंडोज रिकाम्या पासवर्डाच्या खात्याला समोर बसून आत येऊ देते, नेटवर्कवरून नाही. दुसरे, लॅपटॉप उघडताना आपण जो चार-सहा आकडी पिन टाकतो तो त्या यंत्रापुरताच असतो आणि नेटवर्कवर त्याचा काही उपयोग नसतो. पासवर्डाच्या चौकटीत मामेबहीण कितीतरी वेळ तिचा पिन टाकत होती आणि “बरोबर आहे तरी घेत नाही” म्हणत होती. तिथे विंडोज सेव्हनवरच्या खात्याचे नाव आणि पासवर्ड द्यायचे असतात, लॅपटॉपचे नाहीत. तिसरे असे, की ते वहीशिवाय कधी सापडले नसते.

नवे खाते मी ‘लोकल युजर्स अँड ग्रुप्स’मधून उघडले होते. सहा आठवडे सगळे सुरळीत चालले आणि एका सकाळी दोन्ही संगणकांवरून एकदम प्रवेश नाकारला गेला. वहीतली खाते उघडल्याची तारीख पाहून दिवस मोजले. विंडोजमध्ये पासवर्डाचे कमाल वय मुळात ४२ दिवस ठेवलेले असते, आणि अशा रीतीने उघडलेल्या खात्याला ते लागू होते. समोर बसून लॉगिन करणाऱ्याला पासवर्ड बदला असे सांगितले जाते, पण जे खाते फक्त नेटवर्कवरून वापरले जाते त्याला कोण सांगणार? खात्याच्या गुणधर्मांत ‘पासवर्ड नेव्हर एक्सपायर्स’ ही खूण करावी, आणि खाते उघडताना आधीपासून केलेली ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा’ अशा अर्थाची खूण काढावी. ती राहिली तर पहिल्या दिवसापासूनच प्रवेश मिळत नाही.

पासवर्ड बदलल्यावर लॅपटॉपने जपलेला जुना पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून काढावा लागतो. चुकीच्या नावाने एकदा आत गेलेल्या लॅपटॉपला लगेच दुसऱ्या नावाने जायचे असेल तर १२१९ क्रमांकाची चूक येते, कारण एकाच संगणकाशी एका वेळी दोन नावांनी जोडता येत नाही. लॅपटॉप एकदा बंद करून सुरू केला की ती जाते.

मधला संगणक दुभाष्या

वरच्या सगळ्या नोंदी एकत्र मांडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. एक्सपीला फक्त एसएमबी १ येते, लॅपटॉपला ती नको आहे, आणि आतल्या खोलीतल्या विंडोज सेव्हनला दोन्ही येतात. मग एक्सपी आणि लॅपटॉप यांनी एकमेकांशी बोलायचेच कशाला? आता सामायिक फोल्डर एकच आहे आणि तो विंडोज सेव्हनवर आहे. एक्सपी आपली पाने त्यात एसएमबी १ ने टाकतो, लॅपटॉप तीच पाने एसएमबी २.१ ने उचलतो, दोघेही त्याच एका खात्याने आत येतात, आणि लॅपटॉपमध्ये काहीही सैल करावे लागलेले नाही. एक्सपीवरचे आणि लॅपटॉपवरचे शेअर केलेले सगळे फोल्डर मी बंद केले.

अर्थात विंडोज सेव्हनचा आधारही १४ जानेवारी २०२० ला संपलेला आहे, आणि त्यात एसएमबी १ चालू आहे, म्हणून ही व्यवस्था तशीच उघडी ठेवता येत नाही. २०१७ ची दुरुस्ती दोन्ही जुन्या यंत्रांवर बसलेली आहे हे आधी तपासले. मग एक्सपीला हाताने पत्ता दिला आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ची जागा मुद्दाम रिकामी सोडली, त्यामुळे तो घरातल्या संगणकांशी बोलतो, पण घराबाहेर त्याला वाटच नाही. हीच युक्ती विंडोज सेव्हनवर करायला गेलो आणि फसलो, कारण गेटवे नसलेले नेटवर्क त्याला ओळखता येत नाही, तो त्याला ‘अनआयडेंटिफाइड’ म्हणून ‘पब्लिक’मध्ये टाकतो आणि शेअरिंगची दारे लावून घेतो. एक्सपीला नेटवर्कचे असे प्रकारच नाहीत म्हणून तिथे ती चालते. विंडोज सेव्हनचे इंटरनेट राउटरच्या पानावरून, त्या यंत्राच्या मॅक क्रमांकावर बंदी घालून थांबवले. बिलांच्या कामाला इंटरनेट लागत नव्हते; मामाची क्रिकेटच्या स्कोअरबद्दलची कुरकुर आठवडाभर चालली.

दुभाष्या झोपला तर दोन्हीकडचे बोलणे थांबते, त्यामुळे त्याच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झोपेचा काळ ‘नेव्हर’ ठेवला. लॅपटॉपवर त्या फोल्डरला झेड हे अक्षर देऊन ड्राइव्ह केली आहे. सकाळी तिच्यावर कधीकधी लाल फुली दिसते, कारण वायफाय जोडले जाण्याआधीच विंडोज तिला शोधायला जाते. दोनदा क्लिक केले की उघडते.

फाइलींच्या नावांबद्दल एक नियम मात्र भिंतीवर लिहून लावावा लागला. लॅपटॉपवरून ‘मुखपृष्ठ’ असे देवनागरी नाव दिलेली फाइल एक्सपीत एक तर चौकोनांच्या रांगेसारखी दिसते, कारण तिथे भारतीय लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागतो, आणि तो बसवून नाव नीट दिसले तरी युनिकोड न जाणणाऱ्या पेजमेकरला ती फाइल उघडता येत नाही. मामाने एकदा अख्खी सकाळ ही फाइल खराब झाली असे समजून पान नव्याने बांधण्यात घालवली. नावे रोमन लिपीत आणि आखूड ठेवावीत.

विंडोज सेव्हनचा तो संगणकही आता म्हातारा झाला आहे आणि त्याच्या जागी लिनक्सवर सांबा (विंडोजच्या संगणकांना एसएमबीने फाइली देणारे सॉफ्टवेअर) चालवणारा एखादा छोटा संगणक ठेवायचा विचार आहे. ज्यांना आजच तसे करायचे आहे त्यांनी दोन गोष्टी आधीच पाहाव्यात. सप्टेंबर २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीपासून सांबानेही एसएमबी १ मुळातून बंद ठेवली आहे, त्यामुळे तिच्या मांडणीत किमान आवृत्तीची मर्यादा हाताने खाली आणावी लागते. आणि त्याआधीच्या ४.५ पासून सांबा पासवर्ड तपासण्याची जुनी एनटीएलएम पद्धत नाकारते, तर एक्सपी मुळात तीच पाठवतो. यासाठी सांबाला सैल करण्यापेक्षा एक्सपी प्रोफेशनलच्या ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’त जाऊन ‘लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल’ एनटीएलएम व्ही २ वर न्यावी. हे दोन बदल केल्याशिवाय एक्सपी बरोबर पत्ता आणि बरोबर पासवर्ड घेऊनही दारातच उभा राहतो.